स्थूलतेवरील शस्त्रक्रिया, आहार आणि व्यायाम

आमच्या खानदेशांत, विशेषतः जळगांव व धुळें या शहरांतील सुखवस्तु घरांत, अलीकडे एक प्रश्न वारंवार कानीं येतो. "पोटाचें ऑपरेशन करून घेतलें म्हणजे पथ्य व व्यायाम यांची कटकट संपेल ना?" प्रश्न विचारणारे बहुधा सुशिक्षित असतात. वर्षानुवर्षें निरनिराळीं पथ्यें करून ते कंटाळलेले असतात. गुडघे दुखत असतात, मधुमेह जडलेला असतो, आणि नाशिक, पुणें किंवा मुंबई येथील एखाद्या शस्त्रवैद्याकडे जाण्याचा विचार घरांत चाललेला असतो. मी वैद्य नव्हे. मुलांना गणित व शास्त्र शिकविण्यांत माझा जन्म गेला. तेव्हां कोणीं शस्त्रक्रिया करावी वा करूं नये, हें सांगण्याचा अधिकार माझा नाहीं. परंतु ती शरीरांत नेमकें काय करते आणि काय करीत नाहीं, हें समजून घेणें कोणाही विचारी गृहस्थास शक्य आहे; आणि तें समजलें म्हणजे वरील प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळतें.

प्रथम स्थूलता मोजावयाची कशी तें पाहूं. बेल्जियममधील केटले नांवाच्या गणितज्ञानें एकोणिसाव्या शतकांत यासाठीं एक सोपें सूत्र घालून दिलें. उंची मीटरमध्यें घेऊन तिचा वर्ग करावा आणि किलोंतील वजनास त्या वर्गानें भागावें. १६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें सव्वापांच फूट, उंचीच्या मनुष्याच्या बाबतींत हा वर्ग २.५६ येतो. त्याचें वजन ६४ किलो असेल तर भागाकार २५ होतो. ९६ किलो असेल तर ३७.५ होतो. भारतीयांच्या बाबतींत २३ च्या पुढें वजन अधिक व २५ च्या पुढें स्थूलता, असें मानतात. यूरोपियनांसाठीं हेच आंकडे २५ व ३० असे आहेत.

हा भेद कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पुण्यांतच मिळालें आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आपलें स्वतःचें व आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचें उदाहरण जोडीनें मांडलें. दोघांचाही वरील अंक २२.३ असा अगदीं सारखा. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के होती. सारांश, आपण वरून बारीक दिसलों तरी आंतून बारीक असूंच असें नाहीं. म्हणूनच शस्त्रक्रियेची मर्यादाही आपल्याकडे खालीं धरली जाते. भारतांत अंक ३७.५ असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार जोडीला असून तो ३२.५ असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा असा प्रघात पडला. २०२२ सालीं शस्त्रवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनीं आशियाई लोकांसाठीं ही मर्यादा २७.५ पर्यंत उतरविण्याची शिफारस केली.

आतां शस्त्रक्रियेकडे वळूं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, हींत चरबी कापून काढतात. ती समजूत सर्वस्वीं चुकीची आहे. चरबीला हात न लावतां शस्त्रवैद्य जठराचा आकार बदलतो. पोटावर लहान छिद्रें पाडून दुर्बिणीच्या साह्यानें हें काम होतें. सध्यां विशेष प्रचारांत असलेल्या 'स्लीव्ह' नांवाच्या प्रकारांत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात; मागें उरते ती केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. काढलेल्या भागांत घ्रेलिन नांवाचा, भूक चाळविणारा स्राव मुख्यतः तयार होत असतो. १९९९ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं त्याचा शोध लावला. तो कमी झाल्यामुळें कांहीं काळ भूकच मंदावते. दुसरा प्रकार 'बायपास'. अमेरिकेंतील आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ च्या सुमारास तो सुरू केला. यांत जठराची दोन मोठ्या चमच्यांएवढें अन्न मावेल अशी लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढील भागास जोडतात. अन्न कमी मावतें, आतड्यांतील स्रावांचा क्रम बदलतो, आणि मधुमेह पुष्कळदां वजन उतरण्यापूर्वींच आटोक्यांत येऊं लागतो.

येथवर शस्त्राचें काम झालें. पुढें काय? जठर लहान झालें तरी जीभ तीच असते, घर तेंच असतें, आणि दुपारीं चार वाजतां फरसाणाचा डबा उघडण्याची संवयही तीच असते. अरुंद नळींतून भाकरी सावकाश उतरते. पण गोड चहा, लस्सी, आइस्क्रीम यांना तेथें कसलाच अडथळा होत नाहीं. दिवसभर थोडें थोडें चरत राहिलें तर लहान जठरांतूनही मोठ्या जठराइतकें अन्न जाऊं शकतें. हा केवळ तर्क नव्हे. स्वीडनमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासांत असें आढळलें कीं, बायपास झालेल्यांचें वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरीनें ३२ टक्के घटलें. दहा वर्षांनीं मात्र ही घट २५ टक्के उरली. म्हणजे १०० किलोंचा मनुष्य ६८ किलोंवर येऊन पुढें ७५ वर गेला असें समजा. तथापि याच अभ्यासांत शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूचें प्रमाण इतरांच्या मानानें सुमारें २९ टक्क्यांनीं कमी आढळलें, हेंही विसरतां कामा नये. शस्त्रक्रिया निरुपयोगी नाहीं; ती अपुरी आहे, एवढाच याचा अर्थ.

पथ्याचा आरंभ शस्त्रक्रियेपूर्वींच होतो. स्थूल माणसाचें यकृत चरबीनें फुगलेलें असतें व तें जठरावर झांकण घातल्याप्रमाणें पसरलेलें असतें. सुमारें दोन आठवडे पिष्ट व स्निग्ध पदार्थ कमी केले म्हणजे तें आकसतें आणि शस्त्रवैद्याला वाट मोकळी होते. २०१७ सालीं ईजिप्तहून मुंबईस आणलेल्या एमान अहमद या अतिस्थूल बाईंना सैफी रुग्णालयांत डॉ. मुफझ्झल लकडावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रथम पातळ आहारावर ठेवलें आणि मगच ७ मार्च रोजीं शस्त्रक्रिया केली. त्या बाई पुढें अबू धाबीस गेल्या व त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत निवर्तल्या. व्याधि फार विकोपास जाऊं देणें किती घातक असतें, तेंही यावरून ध्यानांत यावें.

शस्त्रक्रियेनंतर पहिले एक-दोन दिवस निवळ पाणी, नारळाचें पाणी, वरणाचें वरचें निवळ यांसारखे पातळ पदार्थ. नंतर सुमारें दोन आठवड्यांपर्यंत ताक, दूध, डाळीचें गाळलेलें पाणी. मग महिनाभरापर्यंत मऊ घोटलेलें अन्न. आणि सहा ते आठ आठवड्यांनीं नेहमींचें जेवण, असा क्रम सामान्यतः असतो. प्रत्येकाचें वेळापत्रक त्याचा वैद्य ठरवितो, तेंच प्रमाण मानावें. नेहमींचें जेवण सुरू झालें तरी घास लहान, चर्वण पुष्कळ आणि जेवणास वीस ते तीस मिनिटें, हा नियम कायम राहतो. जेवतांना पाणी पिऊं नये. अर्ध्या तासानें प्यावें.

आतां ताटांत काय असावें? दिवसाला सुमारें ६० ग्रॅम प्रथिन पोटांत गेलें पाहिजे. तें गेलें नाहीं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, अशक्तता येते व केस गळतात. येथें आमचें खानदेशी स्वयंपाकघर शत्रुही होऊं शकतें आणि मित्रही. शेवभाजीवरील तेलाची तर्री पाहा: एक ग्रॅम तेलांत ९ कॅलरी असतात, म्हणजे जेवणाच्या मोठ्या चमच्याभर तेलांत सव्वाशेच्या आसपास. वरण-बट्टीवरील तुपाची धारही त्यांतलीच. उलट, भाजलेलें भरिताचें वांगें हें मुळांत हलकें अन्न आहे. त्यांत तेल व शेंगदाणे किती पडतात, यावरच सारें अवलंबून. ज्वारीच्या भाकरींत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी प्रथिनाच्या दृष्टीनें नुसत्या भाकरीहून सरस. घट्ट वरण, मूग-मटकीच्या उसळी, ताक, दही, पनीर, आणि चालत असतील त्यांना अंडीं, मासे, हीं आधीं खावींत. भाकरी नंतर, आणि भात सर्वांत शेवटीं. केळें हें फळ चांगलें, पण त्यांत प्रथिन अवघें एक ग्रॅम. म्हणून तें जेवणाची जागा घेऊं शकत नाहीं. बायपास झालेल्यांनीं गोडाविषयीं विशेष सावध असावें. साखर आतड्यांत एकदम उतरली कीं घाम, धडधड व चक्कर यांनीं मनुष्य हैराण होतो.

जठर व आतडें यांची रचना बदलल्यामुळें लोह, कॅल्शियम, ब-१२ व ड जीवनसत्त्व हीं नुसत्या अन्नांतून पुरेशीं मिळत नाहींत. त्यांच्या गोळ्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात व ठराविक काळानें रक्त तपासावें लागतें. वारंवार वांत्या होत असतील तर घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ वैद्याकडे जावें. ब-१ जीवनसत्त्व संपून मज्जातंतूंना कायमची इजा होण्याचा संभव असतो. तरुण स्त्रियांनीं शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असा वैद्यांचा सल्ला असतो.

आणखी एक इशारा. महाराष्ट्रांत सध्यां घरोघरीं दोन पक्ष आहेत. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसांतून दोनदांच, तेंही पंचावन्न मिनिटांच्या आंत जेवावें, असें सांगतात, कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर ती पद्धति आधारलेली आहे. उलट श्रीमती ऋजुता दिवेकर थोडें थोडें अनेकदां खाण्याचा उपदेश करतात. या वादांत शस्त्रक्रिया झालेल्या माणसानें पडूं नये. त्याच्या जठरांत दोन वेळांमध्यें ६० ग्रॅम प्रथिन मावणेंच कठीण. आणि "अनेकदां" या शब्दाचा अर्थ त्यानें स्वैर केला तर वजन परत येतें. वैद्यानें नेमून दिलेल्या वेळा, हाच त्याचा पक्ष.

व्यायामाचें कारण याच्याशींच निगडित आहे. अन्न कमी झालें म्हणजे शरीर काटकसर करूं लागतें व स्नायू मोडून खातें. स्नायू कमी झाले कीं विश्रांतीच्या वेळीं खर्च होणारी शक्तिही कमी होते, आणि मग थोडेंसें अन्नही अंगीं लागतें. स्नायूंना काम दिलें तरच ते टिकतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशींच रुग्णाला चालवितात. पुढें हळूहळू वाढवीत आठवड्याला निदान १५० मिनिटें भरभर चालणें, आणि जखम पूर्ण भरल्यावर वैद्याच्या संमतीनें आठवड्यांतून दोन दिवस बैठका किंवा हलकीं वजनें. चार ते सहा आठवडे जड उचलूं नये. जळगांवांत मेहरूण तलाव आहे, धुळ्यांत पांझरेचा कांठ आहे. जागेची अडचण नाहीं. मात्र आमचा उन्हाळा कडक. निरोगी मनुष्य घरीं परतून तांब्याभर पाणी एका दमांत पितो. लहान जठराच्या माणसाला तें शक्य नसतें. म्हणून त्यानें सूर्योदयापूर्वीं चालावें, बाटली जवळ ठेवावी आणि दिवसभर घोट घोट पाणी पीत राहावें.

उदाहरणें पाहावयाचीं तर श्री. नितीन गडकरी यांचें सर्वांना ठाऊक आहे. २०११ सालीं त्यांनीं मुंबईस अशी शस्त्रक्रिया करून घेतली. पूर्वी आपलें वजन १३५ किलो होतें व आतां ९३ आहे, असें त्यांनीं २०२२ सालीं उज्जैनच्या जाहीर सभेंत सांगितलें. दहा वर्षांहून अधिक काळानंतरचा हा आंकडा आहे, हें लक्षांत घ्यावें. आणि व्यायाम व प्राणायाम यांना आपण रोज वेळ देतों, असेंही ते सांगत असतात. उलट धुळ्याचा माझा एक जुना विद्यार्थी, कापडाचा व्यापारी, शस्त्रक्रियेनंतर वर्षभरांत तीस किलो उतरला आणि नंतर तपासणीस जाणें त्यानें बंद केलें. दुकानावर गोड चहा व खारी चालू झाली. चार वर्षांत वीस किलो परत आले व मधुमेहाच्या गोळ्याही. शस्त्रवैद्याचें काम चोख होतें. पुढचें काम कोणीं केलेंच नाहीं.

तें पुढचें काम एकट्या रोग्याचें नाहीं, असें माझें मत आहे. खानदेश हा आग्रहाचा प्रांत. पंगतींत पाहुण्यानें नको म्हटलें तरी पोळी वाढणें, हें आपण प्रेमाचें लक्षण समजतों. ज्याच्या जठरांत वाटीभरच अन्न मावतें, त्याला हें प्रेम वांतीच्या रूपानें भोगावें लागतें. आणि दहा ठिकाणीं नकार देऊन थकला म्हणजे तो अकराव्या ठिकाणीं खाऊं लागतो. म्हणून शस्त्रक्रियेचा बेत ठरवितांना लाखाचा खर्च मोजावा, त्याबरोबरच घरांतील तेलाचा डबा, जेवणाच्या वेळा व सकाळचा अर्धा तास यांचाही हिशेब सर्वांनीं मिळून मांडावा. तो हिशेब बसत असेल तर शस्त्रक्रिया फळेल. आणि घरांत स्थूल कोणी नसला, तरी तोच हिशेब आजपासून मांडावयास कोणत्याही वैद्याची परवानगी लागत नाहीं.