पाण्याच्या मुळाकडे सायकलस्वारी

सभासद बंधूंनो, गळीत हंगाम आटोपला की देवदर्शनाला निघायची आपली रीत. यंदा आम्ही नऊ सभासदांनी सायकली काढल्या आणि आपल्या पाटाला पाणी येते कुठून, ते पाहायला निघालो.

ओझरचा बंधारा म्हणजे प्रवरेच्या दोन्ही कालव्यांचे तोंड. तेथून नदीच्या उलट दिशेने संगमनेर, अकोले. वर निळवंड्याचे धरण पाहिले. राजूरपुढे चढाला सायकली हातात धरून चाललो. शेंडीला मुक्काम टाकला.

सकाळी भंडारदऱ्याची भिंत पाहिली. काम १९१० साली सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले. उंची सुमारे २७० फूट, बांधकाम दगडी, साठा ११ टीएमसी. या पाण्यावर खाली ऊस उभा राहिला आणि विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०-५१ च्या हंगामात लोणीच्या सहकारी कारखान्याचे धुराडे पेटले.

पुढे जलाशयाच्या कडेने रतनवाडीला अमृतेश्वराचे दर्शन घेतले. प्रवरेचा उगम तिथलाच, रतनगडावरचा. वाटेत आयाबाया डोईवर हंडे घेऊन चाललेल्या. एक आजी म्हणाली, "धरण आमच्या दारात, पाणी तुमच्या शेतात, दादा." आम्हाला उत्तर सुचले नाही.

बंधूंनो, रात्री दारं मोडून घरी झोपायचं आणि पाणी ओढ्याला जाऊ द्यायचं, हे आपल्याकडे अजून चालतं. टेलच्या सभासदाला मात्र आवर्तन पुरत नाही. ज्याला जमेल त्याने ठिबक करावे. न जमेल त्याने निदान दारं धरताना जागे राहावे.