परसबागेतली बीजमाता : राहीबाई पोपेरे

राहीबाई सोमा पोपेरे यांचा जन्म 1964 सालचा, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावातला. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही; शिक्षण झालं ते शेतात, वडिलांच्या हाताखाली. नातू वारंवार आजारी पडू लागला, तेव्हा त्यांना फवारणीच्या भाजीची शंका आली आणि परसबागेत गावरान वाण परतले. वालाचे तर कितीतरी प्रकार, रंगांनीही वेगवेगळे! वेलावरची निरोगी शेंग बियाण्यासाठी राखायची, दाणे कडक वाळवायचे, राख चोळून मडक्यात भरायचे आणि तोंड शेणमातीनं लिंपायचं. ही पद्धत साधी, पण विलक्षण नेमकी. राखेमुळे ओल आणि भुंगेरे दूर राहतात. पुढे बायफ संस्थेच्या साथीनं घरातच बियाणे बँक उभी राहिली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.