सिकलसेल : बोट आईकडेच का?

भंडारा जिल्ह्यातील आमच्या वस्त्यांत एखादे पोर फिके पडते, सांधे दुखतात म्हणून रात्रभर कण्हते, तेव्हा बोट आईकडे वळते. तिच्याच माहेरात दोष! आम्ही विचारतो, बापाचे रक्त कुणी तपासले?

सिकलसेल एकट्या आईकडून येत नाही. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या एका जनुकात बदल होतो आणि प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकून रक्तवाहिनीत अडकते. असे एकच जनुक असणारा वाहक. तो रुग्ण नव्हे. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. पहिले आजारी निघाले म्हणून दुसरे सुटले, हा हिशेब खोटा आहे.

यात मागल्या जन्मीचे पापही नाही. एक जनुक मलेरियापासून बचाव करते, म्हणून ते मलेरियाच्या मुलखात टिकले. डास जात विचारीत नाही. शासन मात्र विचारते. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे. गोंड बांधवांना ती हवीच. पण विदर्भातील बौद्धांतही हे जनुक मोठ्या प्रमाणात आहे, त्यांचे काय?

आपणही पत्रिका सोडली, हे बरे केले. आता सोयरीक ठरण्याआधी मुलामुलीचे, दोघांचेही रक्त तपासा. साध्या चाचणीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या; वाहक की रुग्ण, ते तिथेच कळते. आणि पवनी, लाखांदूर, साकोलीच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरियाची गोळी तालुक्यातच, खंड न पडता मिळाली पाहिजे.