पडणे आणि पहुडणे

इंदूरच्या रामबाग, नारायणबागेसारख्या जुन्या मराठी वस्त्यांतून आज अनेक घरी केवळ वृद्ध दांपत्य राहते. मुले पुण्यास, बंगळूरास वा परदेशी. अशा घरी कोणी पडले, तर पडण्याइतकाच घात होतो तो तासन्तास तसेच पडून राहण्याने. म्हणूनच देहाची ठेवण ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचा विचार पुढे आला आहे.

काळोखात माणसाच्या सांध्यांवर लावलेले मोजके दिवे हलताच पाहणारा चालणारा माणूस ओळखतो, हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली दाखविले. यंत्रही सांधेच शोधते. मायक्रोसॉफ्टने २०१० साली खेळांसाठी आणलेले ‘किनेक्ट’ देहाचे २० सांधे टिपीत असे. सांधे जोडले की काड्यांची आकृती होते. कंबर किती वेगाने खाली आली आणि देह किती वेळ आडवा राहिला, यावरून पडणे ठरते.

परंतु खुर्ची-पलंगाच्या चित्रांवरच शिकलेल्या यंत्रास आपली चटईवरची वामकुक्षी किंवा देवापुढील साष्टांग नमस्कारही अपघात वाटेल. त्यास आपले उठणे-बसणे शिकवावयास हवे.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो सत्तरीनंतर संपत नाही. तेव्हा चित्र न साठविता केवळ आकृती ठेवावी, आणि कॅमेरा लावण्यापूर्वी मुलांनी आईवडिलांची संमती घ्यावी. यंत्र हाक देईल. धावून येणाऱ्या शेजाऱ्यापाशी मात्र घराची किल्ली असली पाहिजे.