कथलाचं सोनं

संखेड्याच्या झोपाळ्यावर सोन्याचा कणही नसतो. लग्नाच्या स्टेजवरच्या लाल-सोनेरी खुर्च्या, गुजराती घरांतले पाळणे, बडोद्याच्या मराठी दिवाणखान्यांतले झोपाळे या सगळ्यांवर खरं काम झालेलं असेल, तर झळकतं ते कथील. पितळी भांड्यांना कल्हई करायला वापरतात तेच. हा पांढरा धातू सोनेरी दिसायला लागतो कसा, ते समजून घ्यायचं तर आधी लेथपाशी जावं लागतं, कारण संखेड्याचा कारागीर मुळात रंगारी नव्हे, खरादी, म्हणजे लाकूड कातणारा आहे.

बडोद्याहून डभोईमार्गे आग्नेयेला गेलं की ओरसंग नदीकाठी संखेडा लागतं. वाटेतल्या डभोईचं नाव मराठी वाचकाला ओळखीचं असतं. १७३१ साली बाजीराव पेशव्यांशी झालेल्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पडले ते याच टापूत. पुढे हा मुलूख गायकवाडांच्या बडोदा संस्थानात होता. २०१३ साली छोटा उदेपूर जिल्हा वेगळा झाला आणि संखेडा त्यात गेलं. इथले खरादी-सुथार पिढ्यान्‌पिढ्या सागवान कातत आले आहेत, आणि त्यांच्या फर्निचरला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

जुना हातलेथ म्हणजे दोन लाकडी ठोकळे, त्यांत समोरासमोर बसवलेली लोखंडी टोकं आणि त्या टोकांमध्ये अडकवलेला लाकडाचा तुकडा. तुकड्याला दोरीचे वेढे द्यायचे आणि दोरी मागेपुढे ओढायची. मग लाकूड एकदा या अंगाला फिरतं, एकदा त्या अंगाला. पटाशी कापते ती लाकूड धारेच्या अंगावर येत असतं तेव्हाच. ते उलट फिरलं की पटाशी किंचित मागे घ्यायची, नाहीतर कड उचकटते. म्हणजे हाताला क्षणाक्षणाला पुढे-मागे व्हायची सवय लागते, आणि विजेच्या मोटरीवर ही सवय कोणाला लागणार नाही. मोटर आली ते बरंच झालं. लाकूड एकाच दिशेला फिरतं, ओढणाऱ्या दुसऱ्या माणसाची गरज उरत नाही, काम भराभर उरकतं. पण सागवानाचा खट्याळपणा मोटरीनेही जात नाही. त्यात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार पटकन बोथट होते. शिवाय सागाच्या अंगात तेल असतं. वाळवीला ते लाकूड नकोसं वाटतं ते काही अंशी त्यामुळेच, पण रंगालाही ते तेल नको असतं. म्हणून कातलेल्या पायावर किंवा दांड्यावर थेट रंग देत नाहीत. आधी खडूसारख्या भुकटीचा सरसात कालवलेला थर देऊन तो घासून गुळगुळीत करतात.

नवशिक्याचा सगळा जीव रंगात असतो. जाणता खरादी मात्र आधी कड्यांकडे बघतो. चार पायांवरच्या चार गाठी एका उंचीवर आल्या नाहीत, तर वरच्या सोनेरी वेलीने ते झाकलं जात नाही, उलट डोळ्यात भरतं. माझ्या मते संखेड्याच्या कामाची पारख करायची ती इथेच, नक्षीत नव्हे.

आता कथील. सोन्याचा वर्ख ठोकून मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ करता येतो आणि तो फुंकरीनेही उडतो. कथील इतकं पातळ होत नाही. शिवाय कातीव कामात सपाटी कमी आणि खाचा जास्त. तिथे वर्ख चिकटवायला गेलं तर तो फाटणारच. म्हणून कथील कुटून त्याची बारीक पूड करतात, ती सरसात कालवतात आणि त्या लगद्याने कुंचल्याने मोकळ्या हाताने फुलं, वेली, ठिपके काढतात. वाळल्यावर ही नक्षी राखेसारखी मंद, करडी दिसते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, काम बिघडलं. मग अकीकाचा दगड येतो. गुळगुळीत अकीक नक्षीवरून दाबून फिरवला की कथलाचे कण चपटे होऊन एकमेकांना भिडतात आणि करडी रेघ चांदीसारखी लखलखते. हा दगडही परका नाही. भरूचजवळच्या रतनपूरच्या खाणींतला अकीक शेकडो वर्षं खंभातला जाऊन तिथे पैलू पाडून घेतो.

चांदीचं सोनं होतं ते लाखेने. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राळ तयार करतात. ती शुद्ध केली तरी तिच्यात पिवळसर-नारिंगी छटा उरते. निखाऱ्याच्या उबेत लाखेचा पारदर्शक थर चढला की खालची चांदी त्या छटेतून दिसते आणि डोळा तिला सोनं समजतो. लाल जमिनीवर हे सोनं जास्त खुलतं. हल्ली पांढऱ्या, निळ्या, हिरव्या रंगांतही संखेडा मिळतं, पण त्या रंगांवर ते सोनं फिकं वाटतं. कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात किन्हाळचे चित्रगार देवादिकांच्या मूर्तींवर हीच युक्ती करतात. युरोपातल्या कारागिरांनीही चांदीच्या वर्खावर पिवळं रोगण देऊन सोन्याचा खर्च वाचवला होता.

खरं सोनं बघायचं तर गोव्याला जावं. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची किंवा बॉम जीझसची वेदी पाहिली की लाकडावरचा अस्सल मुलामा कळतो. या पद्धतीत आधी पांढरा थर, त्यावर तांबूस चिकणमाती, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि शेवटी चमक आणायला तिथेही अकीकच.

सावंतवाडीची चितारआळी मात्र सोन्याच्या मागे फारशी लागली नाही. तिथल्या खेळण्यांत आणि पाटाच्या पायांत रंगीत लाखच राज्य करते. रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडाला माखते, आणि मग केवड्याच्या पानाने घोटून तिला तकाकी आणायची. वेग कमी पडला तर लाख गुठळ्यांनी बसते, जास्त झाला तर करपते. सत्तरच्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफाच्या पत्त्यांना आणि लाखकामाला राजवाड्यातच जागा दिली, म्हणून हे काम टिकलं.

बाजारात आज संखेड्याच्या नावावर पितळी पूड घातलेला सोनेरी ऑइलपेंटही खपतो. त्याने काम स्वस्तात होतं, पण पितळ हवेत काळवंडतं; लाखेखालचं कथील तसं काळं पडत नाही. लाखेचे शत्रू वेगळे. स्पिरिट तिला विरघळवतं, सोडा-साबणाचं पाणी मऊ करतं, गरम कपाचा गोल डाग तिच्यावर पांढरा उमटतो. म्हणून झोपाळा पुसायचा तो कोरड्या मऊ कापडाने, आणि चहा खाली ठेवायचा. चमक गेलीच, तर जुनी वस्तू टाकून देऊ नये. कातलेले भाग एकमेकांत बसवलेले असतात. ते सुटे करून पुन्हा लेथवर चढवता येतात आणि त्यांवर नव्याने लाख देता येते.