बाबांचा लॅपटॉप आणि ताईची फाईल

इंदूरहून ताईनं घरखर्चाची फाईल पाठवली आणि बाबांच्या लॅपटॉपवर ती उघडेना. जमाखर्चाचा प्रोग्रॅम दोघांकडे एकच, पण ताईकडचा नवा, बाबांकडचा जुना. "नवा बसवून दे की," बाबा मला म्हणाले. "बाकी कशाला हात लावू नकोस मात्र."

ही दुसरी अट अवघड होती. बाबांच्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. तिचं टोपणनाव 'बुकवर्म'. (डेबियनवाले आपल्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात.) ही आवृत्ती जून २०२३ मध्ये आली. डेबियनची 'स्टेबल' आवृत्ती एकदा बाहेर पडली, की तिच्यातले प्रोग्रॅम सहसा आहेत तिथंच थांबतात. पुढं येतात त्या सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या. म्हणून तर ती कुरकुर न करता चालते.

मी आधी सोपी वाट धरली. पुढच्या आवृत्तीतलं, म्हणजे 'ट्रिक्सी'मधलं तयार पॅकेज आणून बसवायला गेलो. लॅपटॉपनं साफ नकार दिला. पॅकेजला हव्या असलेल्या लायब्ररींच्या नावांपुढं 'टी६४' असं शेपूट होतं. त्यामागं एक गंमत आहे. १९ जानेवारी २०३८ रोजी अनेक ३२-बिट प्रणालींची वेळ मोजण्याची जागा भरून जाणार आहे. त्यावर उपाय करताना ट्रिक्सीत शेकडो लायब्ररींची नावं बदलली. बुकवर्मला ती ठाऊकच नाहीत.

मग मी मूर्खपणा केला, ट्रिक्सीचं सगळं भांडार लॅपटॉपला जोडलं. एका प्रोग्रॅमपायी बदलायच्या आणि काढून टाकायच्या पॅकेजांची यादी पडद्यावरून धावायला लागली. मी घाईनं 'नाही' दाबलं आणि ती ओळ काढून टाकली. अशा खिचडीला डेबियनवाले 'फ्रँकनडेबियन' म्हणतात, ते उगाच नाही.

तयार पॅकेज म्हणजे ताईच्या घरची, तिथल्या मसाल्याची आमटी. सोर्स पॅकेज म्हणजे नुसती कृती. तीच कृती बाबांच्या डब्यातला मसाला घालून केली, तर आमटी इथलीच होते. बुकवर्मवर बांधलेलं पॅकेज बुकवर्मच्याच लायब्ररी मागतं.

हा खटाटोप करण्याआधी डेबियनचं 'बॅकपोर्ट्स' भांडार जरूर पाहावं. स्वयंसेवकांनी हेच काम अनेक प्रोग्रॅमसाठी करून ठेवलेलं असतं, आणि तिथलं काही मागितल्याशिवाय आपल्या मशीनवर शिरत नाही. मला हवं ते तिथं नव्हतं.

बांधकाम मी बाबांच्या लॅपटॉपवर केलं नाही. त्यासाठी डझनांनी जादा पॅकेजं लागतात. माझ्या मशीनवर बुकवर्मची वेगळी, बंदिस्त प्रत केली, तिला ट्रिक्सीच्या फक्त सोर्सची ओळ जोडली. 'एप्ट सोर्स'नं कृती उतरवली, 'एप्ट बिल्ड-डेप'नं सामान भरलं. 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज' चालवण्याआधी एक बारीक काम उरतं, ते विसरू नये. आवृत्तीच्या क्रमांकाला '~बीपीओ१२+१' असं शेपूट जोडायचं. त्यातल्या नागमोडी चिन्हामुळं आपलं पॅकेज मूळ पॅकेजपेक्षा किंचित खालचं ठरतं. उद्या बाबांचा लॅपटॉप ट्रिक्सीवर गेला, की अधिकृत पॅकेज आपोआप त्याची जागा घेईल.

सगळेच प्रोग्रॅम इतके सरळ नसतात. एखाद्याला लायब्ररीच नव्या लागतात, मग आधी त्या बांधा, त्यांच्यासाठी आणखी काही. दोन पायऱ्यांपलीकडं गेलं, की मी तरी नाद सोडतो.

चहा होईपर्यंत पॅकेज तयार झालं. पेन ड्राइव्हवरून बसवलं. आता त्या एका प्रोग्रॅमची सुरक्षा माझ्या गळ्यात आहे, कारण मी बांधलेल्या पॅकेजला डेबियनकडून दुरुस्ती येणार नाही. महिन्यातून एकदा बघायचं, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयात खूण करून ठेवली आहे.

बाबांनी फाईल उघडली, चष्मा पुसला आणि ताईला फोन लावला. "अगं, दिवाळीचा किराणा तू दोनदा लिहिलायस."