झडपेचं ऑपरेशन : सर्जन आणि दवाखाना निवडण्याआधी काय विचारायचं?

टू-डी इकोच्या रिपोर्टवर 'सिव्हियर एमएस' किंवा 'सिव्हियर एमआर' असं लिहून आलं की पहिला फोन जातो तो नात्यागोत्यात. कुणी पुणे सांगतं, कुणी शिर्डी, कुणी थेट मुंबई. ज्यांच्या मामूंची बायपास जिथं झाली, ते तिथलंच नाव घेतात. पण बायपास म्हणजे रक्तवाहिनीचं काम. झडपेचं काम वेगळं, त्यातला सरावही वेगळा.

आधी आजार समजून घेऊ. हृदयात चार झडपा असतात आणि त्या रक्ताला एकाच दिशेनं जाऊ देतात. झडप आकसली की 'स्टेनोसिस', नीट मिटेनाशी झाली की 'रिगर्जिटेशन', म्हणजे गळती. एमएस आणि एमआर ही डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेची दुखणी. आपल्याकडे याचं मूळ बहुतेक वेळा लहानपणी असतं. घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, पोरगं बरं होतं आणि घरचे विसरतात. हा संधिवाताचा ताप झडपेवर खूण ठेवून जातो आणि ती पुढे कित्येक वर्षांनी कळते. म्हणून श्रीमंत देशांत झडपेचा रुग्ण बहुधा म्हातारा असतो, तर आपल्याकडे तो पंचवीस-तीस वर्षांचा, आणि त्यातही बऱ्याचदा बाई. जिना चढताना धाप लागते, तेव्हा घरचे 'रक्त कमी असेल' म्हणतात. नेमकं पहिल्या बाळंतपणात दुखणं उघडं पडतं.

सर्जन शोधण्याआधी हार्टच्या फिजिशियनला, म्हणजे कार्डिओलॉजिस्टला एक प्रश्न विचारा: फुग्यानं काम होईल का? नुसती आकसलेली मायट्रल झडप अजून लवचिक असेल, गळती फार नसेल आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गाठ नसेल, तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप मोकळी करता येते. छाती उघडावी लागत नाही. फुग्याचं काम कार्डिओलॉजिस्ट करतो, ऑपरेशन सर्जन करतो. म्हणून दोघांचंही मत घ्या. एकाच दिवशी ॲडव्हान्स भरून मोकळं होऊ नका.

आता सर्जन. त्याच्या पाटीवर छातीच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेची एमसीएच किंवा त्याच तोडीची डीएनबी असायला हवी. डीएम ही कार्डिओलॉजिस्टची पदवी आहे. यानंतरचा प्रश्न विचारायला आपली माणसं लाजतात. 'डॉक्टरसाहेब, गेल्या वर्षी झडपेची ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केलीत? दुरुस्ती किती, बदल किती?' यात बेअदबी काही नाही. पाचशे रुपयांचा मोबाईल घेताना आपण चार दुकानं हिंडतो. चांगला सर्जन आकडा सांगतो, चिडत नाही. मात्र संधिवाताच्या तापानं खराब झालेली झडप दुरुस्त होणं अवघड असतं, त्यामुळं दुरुस्तीचा आकडा कमी निघाला तर लगेच नाव ठेवू नका. नुसती सैल पडून गळणारी मायट्रल झडप असेल, तर मात्र दुरुस्तीच्या सरावाचा सर्जन शोधणं मोलाचं.

जिल्ह्यात सोय नाही असं नाही. नगर शहरात आनंदऋषीजी हॉस्पिटल आहे, शिर्डीत साईबाबा संस्थानचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, लोणीत प्रवरा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. पुणं तर जवळच. कुठंही जा, पण एवढं विचाराच: सर्जन इथंच राहतो की ठरावीक दिवशी बाहेरून येतो? येत असेल, तर ऑपरेशनच्या रात्री आयसीयूत कोण? रक्तपेढी आवारातच आहे का? रक्तस्राव थांबला नाही आणि रात्री दोनला छाती पुन्हा उघडायची वेळ आली, तर सर्जन किती वेळात पोहोचेल? भिंतीवरच्या संगमरवरापेक्षा या उत्तरांवर जास्त भरवसा ठेवा.

मग येतो सर्वांत अवघड भाग: झडप कोणती बसवायची? धातू-कार्बनची मेकॅनिकल झडप खूप वर्षं टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी (वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम) आयुष्यभर घ्यावी लागते आणि 'आयएनआर' ही रक्ततपासणी करत राहावी लागते. जनावराच्या ऊतीपासून केलेल्या टिश्यू झडपेला ही गोळी सहसा थोडेच महिने लागते, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुण शरीरात आणखी लवकर. पन्नाशीच्या आत बहुधा मेकॅनिकल आणि पासष्टच्या पुढं टिश्यू सुचवतात. आपल्या देशाचीही मेकॅनिकल झडप आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं बनवलेली 'चित्रा' झडप १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली गेली. ती परदेशी झडपांपेक्षा स्वस्त पडते.

लग्नाच्या वयाच्या मुलीचं गणित मात्र वेगळं आहे. वॉरफेरिन गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत गर्भाला अपाय करू शकतं, आणि गोळी बंद केली तर झडपेत गाठ धरून आईच्या जिवावर बेततं. टिश्यू झडप घेतली, तर पुढे दुसरं ऑपरेशन जवळपास ठरलेलं. हा फैसला मुलीला समोर बसवून, तिला सगळं समजावून व्हायला हवा. आणि रिश्ता ठरताना हे लपवू नका. लपवलं, की सासरी मुलगी गोळ्या चोरून खाते, नाहीतर सोडून देते. आमच्या मते यासारखा दुसरा धोका नाही.

टिश्यू झडप कशाची आहे, हा प्रश्नही आपल्या घरात हमखास निघतो. काही झडपा डुकराच्या असतात, काही गाय-बैलाच्या हृदयावरच्या आवरणाच्या. 'आम्हाला बोवाइन हवी' असं आधीच सांगितलं, तर बहुतेक वेळा तिढा सुटतो. मात्र ऑपरेशनच्या वेळी मशीनवर रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिनही बहुतेक डुकराच्या आतड्यापासून बनतं आणि तिथं तितका सोपा पर्याय नाही. सूरह अल-बकराच्या १७३ व्या आयतीत मजबुरीची सवलत आली आहे. दोन्ही गोष्टी मुफ्तीसाहेबांपुढं नीट मांडा, डॉक्टरांचा कागद दाखवा आणि तारीख ठरायच्या आधी विचारा. स्ट्रेचरवर नको.

पैशाचं सांगायचं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेची ऑपरेशनं बसतात. २०२३ मध्ये राज्य सरकारनं वर्षाची मर्यादा कुटुंबामागं दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय घेतला. रेशनकार्ड, आधार आणि इको रिपोर्ट घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. या योजनेत झडपेचं काम इथं होतं का आणि कुठल्या झडपेचे पैसे मिळतात, हे त्याच्याकडून कळेल. मंजुरी येईपर्यंत रोख भरू नका. शिवाय ट्रस्टच्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. मूल अठराच्या आतलं असेल, तर शाळेतल्या तपासणी पथकाला, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना सांगा.

दवाखाना ठरवताना पुढची वर्षंही मोजा. जामखेड किंवा शेवगावच्या माणसाला दर महिन्याला मुंबई झेपत नाही. ऑपरेशन लांब झालं, तरी आयएनआर करून देणारी भरवशाची लॅब आणि गोळी कमी-जास्त करणारा डॉक्टर तालुक्यात किंवा नगरला आधीच गाठून ठेवा. मायट्रल जागी मेकॅनिकल झडप असेल, तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. मेथी-पालक खायला हरकत नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढं महिनाभर नाही, असं करू नका. हकीमाची पुडी, कलौंजीच्या कॅप्सूल किंवा लसणाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. गोळी चालू असताना चिरा देऊन हिजामा तर अजिबात नको. रमजानात गोळी इफ्तारनंतर घेता येते, पण लघवीची गोळीही चालू असेल, तर रोजे ठेवायचे की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा. दात काढायचा असेल, तर डेंटिस्टला झडपेबद्दल खुर्चीत बसण्याआधी सांगा, कारण आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. आणि संधिवाताच्या तापाचं पेनिसिलिनचं इंजेक्शन तीन-चार आठवड्यांनी चालू असेल, तर ऑपरेशन झालं म्हणून ते आपल्या मनानं थांबवू नका.